बीज, वारसा आणि विद्या : डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे जीवन

माणसाला बापजाद्यांकडून काय मिळते, हा प्रश्न आपल्या समाजात रोज या ना त्या रूपाने विचारला जातो. अमक्याच्या रक्तातच व्यापार आहे, तमक्याच्या सात पिढ्यांत कोणी वही-लेखणी धरली नाही, तेव्हा त्याचा मुलगा शिकून काय करणार, असे सहज बोलले जाते. मुलगी सातवी झाली की पुरे आणि मुलगा चौदा वर्षांचा झाला की दुकानात किंवा गॅरेजमध्ये बसावा, या निर्णयामागे पुष्कळदा पैशाच्या अडचणीइतकीच ही समजूतही असते. वारशाने खरोखर काय येते आणि काय येत नाही याचा शोध शास्त्रज्ञांनी वनस्पती, प्राणी आणि माणूस या सर्वांमध्ये घेतला आहे. या शास्त्राचा उपयोग गरीब शेतकऱ्यासाठी करण्यात उभे आयुष्य वेचणारा एक थोर पुरुष आपल्या शेजारच्या विदर्भात होऊन गेला. त्याचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

हिंगोलीहून पुसद, यवतमाळ या वाटेने गेले की पुढे वर्धा लागते. त्या वर्ध्यात ७ नोव्हेंबर १८८४ रोजी खानखोजे यांचा जन्म झाला. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण वर्ध्यास घेऊन पुढील शिक्षणासाठी ते नागपुरास गेले. त्यांच्या शाळकरी वयात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या साली, मध्य प्रांतावर दोन भयंकर दुष्काळ कोसळले. त्याच काळात लोकमान्य टिळकांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. परकी सत्ता हटली पाहिजे आणि शेतकऱ्याच्या घरात धान्य आले पाहिजे, या दोन इच्छा त्यांना जन्मभर पुरल्या.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा तरुण देश सोडून अमेरिकेस पोहोचला. तेथे त्यांनी एकीकडे शेतकीचे शिक्षण घेतले आणि दुसरीकडे लष्करी शिक्षण देणाऱ्या संस्थेत नाव घातले. वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातील शिक्षण त्यांनी १९१३ मध्ये पूर्ण केले. त्याच साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हिंदी लोकांनी गदर पक्ष उभा केला. खानखोजे त्याच्या संस्थापकांपैकी एक होत. पक्षाच्या 'गदर' या पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ रोजी निघाला तो उर्दू भाषेत, ही गोष्ट आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. या चळवळीत शीख, हिंदू व मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे होते. भोपाळचे मौलवी बरकतुल्ला हे १९१४ मध्ये जपानहून येऊन तिच्यात सामील झाले, आणि १ डिसेंबर १९१५ रोजी काबूल येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हंगामी सरकारचे ते पंतप्रधान झाले.

पहिल्या महायुद्धात खानखोजे तुर्कस्तान, इराक व इराण या प्रदेशांत गेले. ब्रिटिश फौजेतील हिंदी शिपायांमध्ये स्वातंत्र्याचा प्रचार करावा आणि बलुचिस्तानच्या बाजूने इंग्रजी सत्तेला हादरा द्यावा, असा बेत होता. इराणमध्ये त्यांनी स्थानिक टोळ्यांच्या साथीने लढा दिला, ते जखमी झाले, कैद झाले आणि कैदेतून निसटलेही. युद्ध संपले तेव्हा स्वदेशाचे दार त्यांना बंद झाले होते. काही काळ युरोपात काढून १९२१ मध्ये ते रशियास गेले आणि लेनिन यांना भेटले. पुढे १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोस पोहोचले. बंदुकीचा मार्ग येथे संपला आणि बियाण्याचा मार्ग सुरू झाला.

मेक्सिकोत १९१० साली क्रांतीला सुरुवात झाली होती. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी भूमिहीनांना वाटून देण्याचे काम चालू होते. मेक्सिको शहराजवळ चापिंगो येथे एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय शेतकी विद्यालय नुकतेच आणण्यात आले होते. खानखोजे तेथे प्राध्यापक झाले. जमीन मिळाली, पण चांगले बी नाही आणि शेतीचे ज्ञान नाही, अशा शेतकऱ्याने करावे काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला.

येथे थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. ग्रेगॉर मेंडेल या धर्मगुरूने ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या झाडांचे संकर करून त्यांची संतती मोजली. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकराची पहिली पिढी सगळी गोल निघाली. दुसऱ्या पिढीत त्याने ७,३२४ दाणे मोजले. त्यांपैकी ५,४७४ गोल होते आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे सुरकुतलेपणा नाहीसा झाला नव्हता. एक पिढी दडून राहून तो तीनास एक या प्रमाणात पुन्हा प्रकट झाला. मेंडेलचा हा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९०० साली तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तेच नियम पुन्हा शोधून काढले. १९०९ मध्ये वारसा वाहून नेणाऱ्या या घटकाला 'जीन' हे नाव मिळाले. मराठीत आपण त्यास जनुक म्हणतो. पुढे असे दिसून आले की वाटाणा, फळमाशी, गाय, माणूस या सर्वांना हेच नियम लागू आहेत.

या अभ्यासासाठी मक्यासारखे सोयीचे पीक विरळा. मक्याचा नरफुलोरा म्हणजे शेंड्याचा तुरा, आणि मादी म्हणजे बाजूचे कणीस. कणसाबाहेर लोंबणारा प्रत्येक रेशमी केस आतल्या एकेका दाण्याशी जोडलेला असतो आणि त्यावर पडलेला परागकण त्या एकाच दाण्याला फळवतो. त्यामुळे एकाच कणसावरील दाण्यांचे बाप निरनिराळे असू शकतात. शुद्ध जांभळ्या व शुद्ध पिवळ्या दाण्याच्या मक्यांचा संकर केला तर पहिली पिढी जांभळी येते, आणि त्या पिढीचा आपसात संयोग केला की एकाच कणसावर साधारणपणे तीन जांभळ्यांस एक पिवळा असे दाणे बसतात. कणीस हातात घेऊन मोजले की मेंडेलचा नियम निरक्षर शेतकऱ्यालाही डोळ्यांनी दिसतो. पैदासकार तुऱ्यावर आणि कणसावर कागदी पिशवी बांधतो, हवा तो पराग हव्या त्या कणसावर टाकतो, आणि पुढल्या पिढीतून निवड करतो. काम साधे दिसते, परंतु त्याला अनेक हंगामांची चिकाटी लागते.

मेक्सिको ही तर मक्याची जन्मभूमी. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी तेओसिन्ते नावाच्या रानगवतापासून मका घडविला, असे आज शास्त्रज्ञ मानतात. या गवताला फांद्या पुष्कळ, पण दाणे मोजके आणि दगडासारख्या कवचातले. दोघांचे रूप इतके वेगळे की त्यांचे नाते कोणाला खरेही वाटू नये. तथापि दोघांच्याही पेशीत गुणसूत्रांच्या दहाच जोड्या आहेत आणि त्यांचा संकर होऊन त्यास फळही धरते. खानखोजे यांनी मका व तेओसिन्ते यांच्या संकरावर काम केले. कोणी मोल न देणाऱ्या रानगवतात पिकाला उपयोगी पडणारे गुण असू शकतात, हे त्यांनी ओळखले. बोटांप्रमाणे फुटलेल्या कणसांच्या 'ग्रॅनाडा' मक्यावरील त्यांची पुस्तिका १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. मक्याबरोबरच गहू, डाळी आणि रबर यांवरही त्यांनी संशोधन केले. थंडीच्या कडाक्यात आणि पाण्याच्या टंचाईत टिकणारे वाण हवेत, हा त्यांचा ध्यास होता.

पण संशोधकाचे बी संस्थेच्या कोठारात राहिले तर त्याचा उपयोग काय? म्हणून १९२८ च्या सुमारास खानखोजे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या खेड्यांत शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उघडल्या. फी नव्हती आणि वयाची अट नव्हती. निवडलेले बी, जमिनीची निगा आणि आपल्या हक्कांची जाणीव, हे सारे तेथे शिकविले जाई. प्रसिद्ध छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या या कामाची छायाचित्रे घेतली. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतील एका भित्तिचित्रात गोरगरिबांच्या पंक्तीच्या अग्रभागी बसून भाकर मोडणाऱ्या पुरुषाला खानखोजे यांचा चेहरा दिला. वर्ध्याच्या एका मुलाला परक्या देशाने दिलेला हा मान होय.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना सावित्री व माया या दोन कन्या झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तेव्हा इंग्रजांच्या काळ्या यादीतील जुन्या नोंदीमुळे तो प्रथम नाकारण्यात आला. ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडले त्याच स्वतंत्र देशाच्या दारात त्यांना थांबावे लागले. पुढे ही अडचण दूर झाली आणि ते नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन बुटक्या गव्हाचे बी आणले होते. तो गहू डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या कामाचे फळ होता, आणि त्याचा बुटकेपणा जपानमधील 'नोरिन १०' या वाणाच्या जनुकांतून आला होता. बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत आले, त्याच्या कितीतरी आधीपासून खानखोजे तेथील शेतात बियाण्यांची निवड करीत होते. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारला गेला.

हे शास्त्र दूर मेक्सिकोत राहिले आहे असे मात्र कोणी समजू नये. १९९९ पर्यंत आपला हिंगोली भाग परभणी जिल्ह्यातच होता, आणि परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या शेजारी आहे. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाने शेतकरी हैराण झाले होते, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' या भेंडीचा तिच्याच कुळातील दुसऱ्या एका जातीशी संकर केला. त्या जातीत रोगाला तोंड देण्याची ताकद होती. पुढे पुन्हा पुन्हा भेंडीशीच संकर करून चव व रूप राखले आणि ताकद तेवढी घेतली. अशा रीतीने १९८५ मध्ये 'परभणी क्रांती' ही भेंडी शेतकऱ्यांच्या हाती आली. काळाच्या ओघात रोगही बदलला आणि या वाणाची ताकद अनेक ठिकाणी उणावली. त्यामुळे हा अभ्यास प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो.

वसमतच्या हळदीची गोष्ट याच्या उलट आहे. हळद आपण बियांपासून लावीत नाही, कंदाच्या बेण्यापासून लावतो. म्हणून एका बेण्यापासून वाढलेली सारी झाडे वारशाने जवळजवळ एकसारखी असतात. चांगला गुण टिकतो हा तिचा फायदा. परंतु एका झाडाला जो रोग जमीनदोस्त करील तो साऱ्या शेतालाही करू शकेल, हा तिचा धोका. निसर्गात विविधता का हवी, याचे उत्तर या दोन शेतांतच मिळते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रक्तगट वारशाने येतो, डोळ्यांचा रंग येतो, काही आजारही येतात. परंतु अक्षरओळख कोणाच्याही जनुकात नसते. पंडिताचे मूलही निरक्षरच जन्मते आणि हमालाचे मूलही. सात पिढ्यांत कोणी शिकले नाही याचा अर्थ इतकाच की सात पिढ्यांना शाळा मिळाली नाही. उत्तम बीदेखील मुरमाड जमिनीत, पाण्यावाचून खुरटते. तेव्हा खुरटलेल्या रोपाकडे बोट दाखवून बियाण्याला दोष देणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि न्यायालाही नाही.

खानखोजे यांनी चांगले बी तयार केले, आणि तेवढ्यावर न थांबता शेतकऱ्याच्या दारी शाळा नेली. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांचे काम त्या दुसऱ्या अर्ध्याचे आहे. बियाण्यात काय आहे हे ते पेरल्यावाचून कळत नाही. म्हणून पालकांना विनंती एवढीच की, वर्ष सुरू होताना मुलाचे, आणि विशेषतः मुलीचे, नाव शाळेच्या पटावरून कमी करण्यापूर्वी एकदा विचार करावा. आणि विद्यार्थी मित्रहो, या पावसाळ्यात मक्याचे एक रंगीबेरंगी कणीस मिळाले तर त्याचे दाणे रंगाप्रमाणे वेगळे करून मोजा. एका दाण्याच्या पोटात किती पिढ्यांचा हिशेब असतो ते तुम्हांस कळेल, आणि तो हिशेब वाचण्याची विद्या मात्र ज्याची त्याने शिकूनच मिळवायची असते हेही कळेल.