मुलांचे कपडे धुणारे गुरुजी

खानदेशात अमळनेर नावाचे गाव आहे. तेथील शाळेच्या छात्रालयात मुलांना वारंवार एक नवल दिसे. मुले बाहेरून खोलीवर परत येत आणि पाहत, तर विस्कटलेल्या अंथरुणांच्या नीट घड्या घातलेल्या असत. कंदिलाची काळी पडलेली काच लख्ख पुसलेली असे. मळके कपडे धुऊन दोरीवर वाळत घातलेले असत. हे काम नोकर करीत नव्हता. छात्रालयाचे प्रमुख, म्हणजे मुलांचे शिक्षकच ते करीत होते. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घरची गरिबी होती. पण आई यशोदाबाईंनी त्यांच्या मनावर चांगले संस्कार केले. मुलगा शिक्षणासाठी दूर असतानाच, १९१७ साली आई वारली. तिची शिकवण मात्र गुरुजींच्या मनात कायम राहिली.

एम. ए. झाल्यावर १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे आले. मुले पसारा करीत, आळस करीत. गुरुजींच्या हाती अधिकार होता. ते रागावू शकले असते, शिक्षा करू शकले असते. पण त्यांनी स्वतःच हाती झाडू घेतला. कोणी आजारी पडले, तर ते त्याच्या उशाशी बसत. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. गुरुजींना राबताना पाहून मुले ओशाळत आणि आपली कामे आपण करू लागत. शिक्षेने जे साधले नसते, ते मायेने साधले.

१९३० साली गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबा भावे गीतेवर प्रवचने देत. गुरुजींनी ती भराभर उतरवून घेतली, म्हणूनच ती आज वाचायला मिळतात. नाव विनोबांचे झाले, कष्ट गुरुजींचे होते. पण त्याची त्यांना खंत नव्हती. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. आपल्या लहानपणीच्या चुका त्यांनी त्यात लपवल्या नाहीत. गुरुजींनी पैगंबरांच्या जीवनावरही ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. शेजाऱ्याचा धर्म आणि भाषा समजून घेतल्याशिवाय प्रेम वाढत नाही, असे त्यांना वाटे.

त्या काळी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. गुरुजींना हा अन्याय सहन झाला नाही. त्यांनी गावोगाव फिरून लोकांना समजावले. तरीही मंदिराचे दार उघडेना. तेव्हा १ मे १९४७ पासून त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. त्यांनी कोणावर हात उगारला नाही. आपलाच जीव पणाला लावला. सुमारे दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. ११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले.

मुलांनो, आपले बेलापूर प्रवरेच्या काठी आहे आणि अमळनेर येथून बरेच दूर आहे. पण गुरुजींचे काम दूरचे नाही. वर्गातील कचरा कोणी टाकला, हे विचारण्याआधी तो उचलता येतो. आजारी मित्राची वही पूर्ण करून देता येते. रात्री निजण्यापूर्वी, आज आपण कोणाचे मन दुखवले का, असे स्वतःला विचारता येते. त्यासाठी अधिकार लागत नाही, पैसा लागत नाही. कोणी पाहत नसतानाही आपण जसे वागतो, तेच आपले खरे चारित्र्य होय.