धर्मानंद कोसंबी : वाचकाचा ग्रंथकार होतो तेव्हा

तरुणपणी ज्या ग्रंथाची ओढ लागली तो आपल्या भाषेत मिळत नाही असे आढळले, तर बहुतेक वाचक दुसरे पुस्तक हाती घेतात आणि ती ओढ कालांतराने विसरून जातात. तो ग्रंथ आपणच लिहावा, आणि तो लिहिण्याची पात्रता अंगी यावी म्हणून घरदार सोडून परक्या देशांत, परक्या लिप्यांत वर्षानुवर्षे विद्यार्थी होऊन राहावे, असे करणारा वाचक विरळाच. धर्मानंद दामोदर कोसंबी हे असे वाचक होते. पाली भाषेचे थोर पंडित आणि बौद्ध वाङ्मयाचे अधिकारी भाष्यकार म्हणून त्यांचे नाव आज सर्वत्र आदराने घेतले जाते. परंतु त्या पांडित्याचा उगम एका हलाखीतल्या वाचनप्रिय तरुणाच्या अतृप्तीत आहे, आणि त्यांच्या पहिल्या ग्रंथाची पूर्वतयारी हाच त्यांच्या पूर्वायुष्याचा खरा इतिहास आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचा अंमल होता. घरची बोली कोंकणी. वाचनाची आणि संस्काराची भाषा मराठी. प्रकृती अशक्त, घरची सांपत्तिक स्थिती बेताची आणि गावात शिक्षणाची सोय तुटपुंजी. त्यामुळे थोडेबहुत मराठी शिक्षण होते न होते तोच शाळा सुटली आणि नारळाच्या बागायतीची देखरेख त्यांच्याकडे आली. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या काळच्या गोमंतकीय कुटुंबातील मुलाच्या आयुष्याची वाट येथे ठरून गेल्यासारखीच होती. पण ज्ञानाची तहान काही केल्या शमत नव्हती. मुंबई-पुण्याकडून जे मराठी पुस्तक वा मासिक हाती येई ते ते वाचून काढावे आणि वाचून झाल्यावर अधिकच अस्वस्थ व्हावे, असा त्यांचा क्रम होता.

१८९७ साली ‘बालबोधमेवा’ या मासिकातील बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. हे मासिक मुलांसाठी निघत असे, आणि ते चालवीत होते अमेरिकन मराठी मिशन. ख्रिस्ती मिशनच्या बालमासिकातील एका चरित्रलेखाने गोव्यातील एका हिंदू तरुणाला बुद्धाच्या वाटेला लावले, ही घटना मुद्रित अक्षराचे सामर्थ्य दाखविणारी आहे. लेखकाने आणि संपादकाने जो वाचक डोळ्यांपुढे धरला असेल त्याहून अगदी निराळ्या वाचकाच्या हाती ते पान पडले आणि त्याचे सारे आयुष्य पालटले. पुढे गोविंद नारायण काणे यांचे मराठी बुद्धचरित्रही त्यांना मिळाले. त्याची त्यांनी पारायणे केली. तथापि मूळ वचनांची भूक त्यामुळे भागली नाही. बुद्धाचा उपदेश ज्या भाषेत जतन झाला ती पाली भाषा महाराष्ट्रात जवळजवळ अपरिचित होती आणि ते ग्रंथ जेथे अभ्यासिले जात ते देश समुद्रापलीकडे होते.

१८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली होती. तिचे नाव माणिक. पत्नीला आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते प्रथम पुण्यास गेले. बौद्ध ग्रंथांकडे वळण्यापूर्वी संस्कृत पक्के केले पाहिजे असा त्यांचा निश्चय होता. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांचा परिचय झाला. पण संस्कृतच्या ओढीने ते ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून पाठ घ्यावेत, असा त्यांचा दिनक्रम होता. १९०२ साली बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळात गेले. तेथील परिस्थिती पाहून निराश झाले. मग बुद्धगया, कलकत्ता असा प्रवास करीत त्यांनी सिंहलद्वीप गाठले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या छत्राखाली त्यांचा पालीचा अभ्यास सुरू झाला, आणि त्याच वर्षी त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले.

या अध्ययनाचे कष्ट आजच्या वाचकाच्या सहज ध्यानी येणार नाहीत. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहलात ते ग्रंथ सिंहली लिपीत, तर ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत लिहिले जात. म्हणजे प्रत्येक देशात अक्षरओळखीपासून प्रारंभ करावयाचा, नवा आहार आणि नवी हवा अंगवळणी पाडावयाची, आजारपणे सोसावयाची आणि मग त्याच भाषेतील ग्रंथ पुन्हा नव्या डोळ्यांनी वाचावयाचे. घर सोडण्यापासून अध्ययन संपवून कलकत्त्यास येईपर्यंत सुमारे सहा वर्षे गेली. १९०६ मध्ये ते परतले, भिक्षुवेष उतरवला आणि कुटुंबाची पुन्हा भेट झाली. माणिक तोवर सहा-सात वर्षांची झाली होती. पुढील वर्षी, ३१ जुलै १९०७ रोजी, त्यांना पुत्र झाला. आजोबांचे नाव मिळालेला हा दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून विख्यात झाला.

कलकत्त्यात पाली जाणणाऱ्या विद्वानाला मान होता. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर विद्यापीठात धर्मानंदांना अध्यापनाचे काम मिळाले. विद्यापीठाकडून दरमहा अडीचशे रुपयांची प्राप्ती होण्याजोगी होती, आणि ज्या संसाराने त्यांच्या शोधाची किंमत मोजली होती त्याला या स्थैर्याची निकड होती. अशा वेळी १९०८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून निराळी योजना पुढे आली. धर्मानंदांनी महाराष्ट्रात कोणत्याही शहरी राहावे. त्यांना दरमहा पन्नास रुपये दिले जातील. त्या मोबदल्यात त्यांनी वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. धर्मानंदांनी अडीचशे सोडून पन्नास पत्करले.

व्यवहाराच्या तराजूत हा निर्णय वेडेपणाचाच ठरला असता. त्यामागील हिशेब मात्र सरळ होता. कलकत्त्यात त्यांना पाली शिकवता आली असती. परंतु बुद्धाविषयी मूळ ग्रंथांच्या आधाराने मराठीत लिहिणे हे काम तेथे राहून होणारे नव्हते, आणि ते दुसरे कोणी करील अशी चिन्हे दिसत नव्हती. सयाजीरावांच्या योजनेचेही मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. विद्वानाला एकरकमी बिदागी देऊन त्याचा गौरव करण्याची रीत संस्थानांत जुनी होती. महाराजांनी त्याऐवजी लेखकाला वेळ दिला आणि वेळेला मुदत घातली. याच सुमारास, १९१० साली, त्यांनी अमेरिकेहून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना आणवून बडोदे राज्यात गावोगावच्या ग्रंथालयांची व्यवस्था उभारण्यास आरंभ केला. वाचनालये उघडावयाची तर कपाटात ठेवण्याजोगे ग्रंथही देशी भाषांत निर्माण झाले पाहिजेत, ही दृष्टी त्या दोन्ही कामांत दिसते.

या आश्रयाचे पहिले फळ म्हणजे १९१० साली प्रसिद्ध झालेले ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ते सिद्ध झाले. पहिला ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला या लहानशा पुस्तकाच्या रचनेतून बरेच शिकता येते. सहा वर्षांच्या अध्ययनानंतर धर्मानंदांजवळ सांगण्यासारखे अमाप होते, आणि नवशिक्या ग्रंथकाराला घातक ठरतो तो हाच साठा. जे जे ठाऊक ते ते एकाच पुस्तकात कोंबण्याचा मोह त्यांनी आवरला. बौद्ध उपासक ज्या तीन रत्नांना शरण जातो, त्या तिहींची ओळख एवढीच मर्यादा त्यांनी घालून घेतली. उपदेश करणारा कोण, त्याने सांगितले काय, आणि ते जतन केले कोणी, हे तीन प्रश्न कोणाही अजाण वाचकाच्या मनात याच क्रमाने उठतात. विषयाचा सांगाडा बाहेरून आणावा लागला नाही. तो त्या परंपरेतच तयार होता. शिवाय मजकूर आधी श्रोत्यांपुढे मांडलेला असल्याने पांडित्याचे ओझे कमी होऊन भाषा सुबोध राहिली.

पुढचे पाऊल अधिक मोठे होते. १९१४ मध्ये आलेल्या ‘बुद्धलीलासारसंग्रह’ या ग्रंथात त्यांनी जातककथा, बुद्धचरित्र आणि बुद्धाचा उपदेश अशा तीन भागांत मूळ साहित्याचे सार मराठी वाचकाला दिले. कधी काळी साखवाळच्या बागायतीत बसून ज्याची वाट पाहिली, त्याच जातीचा हा ग्रंथ होता.

दरम्यान हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वूड्स मुंबईस आले असता त्यांचा धर्मानंदांशी संबंध आला, आणि त्यातून १९१० साली अमेरिकेचे निमंत्रण मिळाले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली महाग्रंथाचे संपादन पुरे करण्याचे ते काम होते. तेथे प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे अनेकदा हार्वर्डला जाऊनही तो ग्रंथ तेथून छापून निघाला तो १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर. तत्पूर्वी १९४० मध्ये त्यांनी स्वतः संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती भारतात प्रसिद्ध झाली होती. परक्याच्या आश्रयाने केलेल्या कामाला चार दशके लागली. दरमहा पन्नास रुपयांवर केलेले मराठी काम मात्र वेळच्या वेळी वाचकांच्या हाती पडले. दोन्ही कामांची जात वेगळी खरी. तरी १९०८ चा निर्णय किती दूरदृष्टीचा होता ते या तुलनेवरून उमगते.

१९१२ ते १९१८ या काळात धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. ज्या भाषेच्या शोधात एकट्याने समुद्र ओलांडावा लागला होता, ती आता मुळा-मुठेच्या काठी शिकता येऊ लागली.

धर्मानंदांचे आत्मचरित्र १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी नाव दिले ‘निवेदन’. हे नावच त्यांच्या लेखनाची प्रतिज्ञा आहे. आपले चरित्र इतरांनी आदर्श मानावे असा आव त्यात नाही. घडले ते वाचकापुढे ठेवणे एवढेच त्यात अभिप्रेत आहे. आत्मकथन लिहिणाऱ्यापुढे पहिला पेच उभा राहतो तो निवडीचा. यशस्वी झालेला माणूस मागे वळून पाहू लागला की जुन्या चुकांनाही हेतूचा मुलामा चढतो. धर्मानंदांनी तो चढू दिला नाही. तरुणपणीची उदासीनता, मनाची चंचलता, अर्धवट सुटलेले संकल्प, परान्नावर काढलेले दिवस हे सारे त्यांनी साध्या वाक्यांत नोंदवले. पत्नीला आणि मुलीला सोडून गेल्याची गोष्टही त्यांनी झाकली नाही. बाळाबाईंनी सोसलेल्या त्या वर्षांचा वृत्तांत मात्र त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून आलेला नाही. ‘निवेदन’ वाचताना ही अनुक्त बाजू जाणत्या वाचकाने मनात धरावयास हवी. ग्रंथ एकाच्या नावावर छापला जातो. त्याची किंमत अनेकदा घरातील दुसऱ्याच कोणी चुकती केलेली असते.

पुढील आयुष्यातही धर्मानंद एका जागी स्थिरावले नाहीत. गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले, रशियातही जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला आणि मुंबईच्या कामगार वस्तीत बहुजन विहार चालवला. लेखन चालूच होते. १९४०-४१ मध्ये आलेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात, रोगी, वृद्ध आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही लोकप्रिय कथा त्यांनी बाजूला सारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या कलहाकडे लक्ष वेधले. रूढ कथेने मोहून ज्याने घर सोडले, त्याच वाचकाने चार दशकांच्या अभ्यासानंतर त्या कथेची परीक्षा केली. पुराव्यापुढे स्वतःची आवडही दुय्यम मानण्याचे हे धैर्य त्यांच्या साऱ्या ग्रंथरचनेचा कळस आहे. साहित्य अकादमीने या ग्रंथाची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे करविली. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे, स्वेच्छेने अन्नत्याग करून, त्यांनी देह ठेवला.

गोवा, ग्वाल्हेर, बडोदे ही मराठी वाङ्मयाच्या नकाशात कडेची मानली जाणारी ठिकाणे धर्मानंदांच्या आयुष्यात मात्र मोक्याच्या जागी उभी आहेत. एकाने वाचक दिला, दुसऱ्याने वाट दिली, तिसऱ्याने ग्रंथाला लागणारा अवधी दिला. दूरच्या मराठी वस्त्यांतील वाचनालयांनी गेली शंभर वर्षे सांभाळलेली मासिके आणि पुस्तके याच कारणासाठी मोलाची आहेत. कपाटातला कोणता अंक कोणाच्या हाती कधी पडेल, आणि त्यात जे नाही त्याच्या शोधात तो वाचक कोठवर जाईल, हे ग्रंथपालाला नोंदवहीवरून कळत नाही. ‘बालबोधमेवा’च्या त्या अंकाचीही कोठे अशी नोंद झाली नसेल, पण त्यातून लाभलेले ग्रंथ आज मराठी वाचकाच्या मालकीचे आहेत.