फॅनी ब्लँकर्स-कून : दोन मुलांची आई, चार सुवर्णपदकं



आपल्या शाळेच्या क्रीडा महोत्सवात आयांसाठी कोणती स्पर्धा असते, जरा आठवून बघा. बहुतेक वेळा संगीत खुर्ची, नाहीतर लिंबू-चमचा. मुलांची धावण्याची शर्यत असते, मुलींची असते, कधी कधी बाबांचीही असते. आयांना मात्र धावायला सहसा कोणी बोलवत नाही. आणि एखादी आई लांब पल्ल्याच्या शर्यतीचा सराव करायला पहाटे बाहेर पडलीच, तर पहिला प्रश्न ठरलेला, की मुलांकडे कोण बघतं?

हाच प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या एका आईला विचारला गेला होता. तिने त्याचं उत्तर लंडनच्या मैदानावर दिलं. आज आपण त्या आईची म्हणजे फॅनी ब्लँकर्स-कून यांची ओळख करून घेऊया.

जन्म व बालपण

फॅनी यांचं पूर्ण नाव फ्रान्सिना एल्स्ये कून. त्यांचा जन्म २६ एप्रिल १९१८ रोजी नेदरलँड्स म्हणजेच हॉलंड देशातल्या एका लहानशा गावात झाला. घरात पाच भाऊ आणि वडिलांना खेळाची आवड. वडील स्वतः गोळाफेक आणि थाळीफेक करायचे. अशा घरात वाढलेली मुलगी एका जागी बसेल कशी? पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, बर्फावरचं स्केटिंग, धावणं असं सगळं त्यांनी करून बघितलं.

त्यांचं पोहणं चांगलं होतं. पण पोहण्याच्या प्रशिक्षकांनी त्यांना वेगळाच सल्ला दिला. हॉलंडमध्ये उत्तम पोहणाऱ्या मुली आधीच पुष्कळ होत्या, तेव्हा धावण्यात नशीब आजमावणं बरं, असं त्यांचं मत पडलं. फॅनी यांनी ते ऐकलं. १९३५ साली त्या पहिल्यांदा धावण्याच्या स्पर्धेत उतरल्या. पहिली स्पर्धा काही चांगली गेली नाही. पण तिसऱ्याच शर्यतीत त्यांनी राष्ट्रीय विक्रम केला. ती शर्यत होती ८०० मीटरची.

म्हणजे बघा, ज्या फॅनी पुढे १०० आणि २०० मीटरसाठी जगभर ओळखल्या गेल्या, त्यांचं पहिलं यश लांब शर्यतीतलं होतं! मग त्या त्याच शर्यतीत पुढे का गेल्या नाहीत?

बंद झालेला दरवाजा

त्यासाठी थोडं मागे, १९२८ मध्ये जावं लागेल. त्या वर्षी ऑलिंपिक फॅनी यांच्याच देशात, अ‍ॅमस्टरडॅम शहरात भरलं होतं. मैदानी खेळांत स्त्रियांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता. त्यांच्यासाठी ८०० मीटरची शर्यतही ठेवली होती. जर्मनीच्या लिना राडके यांनी ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. जपानच्या किनुए हितोमी दुसऱ्या आल्या.

शर्यत संपल्यावर काही धावपटू दमून गवतावर आडव्या झाल्या. यात नवल ते काय? जीव तोडून धावल्यावर पुरुष धावपटूही आडवे होतातच. पण वर्तमानपत्रांनी त्याचं भलतंच वर्णन केलं. बायका कोसळल्या, त्यांना हे झेपणारं नाही, अशा बातम्या आल्या. खरं म्हणजे अंतिम शर्यत सुरू केलेल्या नऊच्या नऊ जणींनी ती पूर्ण केली होती. तरीही पुढच्या ऑलिंपिकपासून स्त्रियांची ८०० मीटर शर्यत काढून टाकण्यात आली. ती परत आली थेट १९६० साली.

त्यामुळे ८०० मीटरची राष्ट्रीय विक्रमवीर असूनही फॅनी यांना त्या शर्यतीत ऑलिंपिकला जाण्याची वाटच नव्हती. जे दार उघडं होतं त्यातून त्या आत गेल्या. कमी अंतराच्या शर्यती, अडथळा शर्यत, उंच उडी आणि लांब उडी यांचा त्यांनी सराव सुरू केला.

बर्लिन आणि एक सही

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला त्या गेल्या तेव्हा त्यांचं वय होतं अवघं १८ वर्षं. पदक मिळालं नाही. पण चार सुवर्णपदकं जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जेसी ओवेन्स यांची सही त्यांनी घेतली आणि ती आयुष्यभर जपली. बारा वर्षांनी आपण त्याच आकड्याशी बरोबरी करू, असं तेव्हा त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या.

त्यांचे प्रशिक्षक होते यान ब्लँकर्स. ते स्वतः १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडी मारणारे खेळाडू होते. गंमत म्हणजे स्त्रियांनी स्पर्धांत उतरू नये, असं एके काळी यान यांचंही मत होतं. फॅनी यांना शिकवता शिकवता ते मत बदललं. १९४० साली दोघांनी लग्न केलं.

युद्ध, संसार आणि सराव

पण १९४० हे वर्ष सुखाचं नव्हतं. मे महिन्यात जर्मन सैन्याने हॉलंड ताब्यात घेतलं. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिकं रद्द झाली. खेळाडूच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं अशीच निघून गेली. अन्नधान्याची टंचाई होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तर त्या देशात लोक उपासमारीने मेले.

त्याच काळात त्यांना पहिला मुलगा झाला. वर्तमानपत्रांनी गृहीत धरलं की आता फॅनी यांचा खेळ संपला. त्या काळी तिथे लग्न झालेली, त्यातून मूल झालेली बाई मैदानावर दिसतच नसे. फॅनी मात्र बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच पुन्हा सरावाला लागल्या. १९४३ मध्ये त्यांनी उंच उडीत १.७१ मीटर आणि लांब उडीत ६.२५ मीटर असे दोन जागतिक विक्रम केले. पुढे त्यांना मुलगीही झाली.

आता मुख्य प्रश्न. दोन लहान मुलं, घरचा स्वयंपाक, धुणंभांडी आणि वर सराव, हे त्या जमवत कशा होत्या?

त्यांनी मुलं आणि मैदान यांच्यात निवड केली नाही. मुलांनाच मैदानावर नेलं. सायकलवर मुलांना बसवायचं आणि मैदान गाठायचं. लांब उडीसाठी वाळूचा खड्डा असतो ना, त्यात मुलं खेळत बसायची आणि शेजारच्या धावपट्टीवर आई धावायची. सरावही रोजचा नसे. आठवड्यातले मोजकेच दिवस, एका वेळी साधारण दोन तास. आजचे खेळाडू करतात त्याच्या मानाने हे फारच थोडं. पण त्या दोन तासांत वेळ वाया जात नसे. काय करायचं हे आधी ठरलेलं असे. सोबत प्रशिक्षक असे आणि तो प्रशिक्षक मुलांचा बापही होता. आईच्या सरावात घरातल्या दुसऱ्या माणसाचा वाटा किती असतो, हे इथे लक्षात घ्या.

लंडन १९४८

युद्धानंतरचं पहिलं ऑलिंपिक लंडनला भरलं. फॅनी ३० वर्षांच्या होत्या. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रम्प यांनी तर त्यांचं वय आता जास्त झालंय असं मत आधीच देऊन टाकलं होतं. मुलांना घरी टाकून पळायला जाते म्हणून नावं ठेवणारी पत्रंही त्यांना आली. या बोलण्याचा राग त्यांनी तोंडाने काढला नाही.

एका खेळाडूला वैयक्तिक तीनच प्रकारांत उतरता येई. त्यामुळे जागतिक विक्रम नावावर असूनही त्यांना उंच उडी आणि लांब उडी सोडावी लागली. त्यांनी १०० मीटर, ८० मीटर अडथळा आणि २०० मीटर निवडले. चौथी सांघिक रिले. आणि त्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सर्वांत लांब शर्यत किती होती माहीत आहे? फक्त २०० मीटर!

२ ऑगस्टला चिखल झालेल्या धावपट्टीवर त्यांनी १०० मीटर ११.९ सेकंदांत जिंकली. अडथळ्याच्या अंतिम शर्यतीत सुरुवात चुकली. इंग्लंडच्या मॉरीन गार्डनर आणि त्या जवळजवळ एकदमच पोहोचल्या. दोघींची वेळ ११.२ सेकंद. तेवढ्यात ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजायला लागलं. फॅनी यांना वाटलं, आपण हरलो. पण ते राजघराण्यातले लोक मैदानात आले म्हणून वाजलं होतं. छायाचित्र पाहून निकाल लागला आणि सुवर्णपदक फॅनी यांना मिळालं.

मग मात्र त्यांचा धीर सुटला. २०० मीटरच्या उपांत्य फेरीआधी त्या रडू लागल्या. मुलांची आठवण येत होती, घरी परत जायचं होतं. विचार करा, दोन सुवर्णपदकं जिंकलेली बाई खोलीत बसून रडते आहे! यान यांनी त्यांना समजावलं, जबरदस्ती केली नाही. मन मोकळं झाल्यावर त्या उठल्या, मैदानावर गेल्या आणि अंतिम शर्यत ०.७ सेकंदांच्या अंतराने जिंकल्या. २०० मीटरमध्ये एवढं अंतर म्हणजे खूपच झालं.

शेवटी रिले. त्या दिवशी त्या रेनकोट विकत घ्यायला बाजारात गेल्या आणि अगदी ऐन वेळी मैदानावर पोहोचल्या. शेवटचा टप्पा त्यांचा होता. दांडा हातात आला तेव्हा संघ मागे होता. त्यांनी एकेकीला गाठत चौथं सुवर्णपदक मिळवलं. आठ दिवसांत त्या अकरा वेळा धावल्या आणि अकराही वेळा पहिल्या आल्या.

गावी परतल्यावर

अ‍ॅमस्टरडॅमला लोकांनी त्यांची घोडागाडीतून मिरवणूक काढली. शेजाऱ्यांनी त्यांना एक सायकल भेट दिली. मुलांना घेऊन सायकलवर सरावाला जाणाऱ्या बाईला याहून योग्य भेट कोणती असणार! जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांना उडणारी गृहिणी असं नाव दिलं. नाव कौतुकाने दिलं होतं. पण जिंकणाऱ्या पुरुषाला कोणी धावणारा बाप म्हणत नाही, हेही खरंच.

१९५० च्या युरोपीय स्पर्धेत त्यांनी आणखी तीन सुवर्णपदकं मिळवली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला मात्र पायाला गळू झाल्याने त्यांना अडथळ्याची अंतिम शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. हे तेच ऑलिंपिक, जिथे आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. भारताकडून मैदानी खेळांत स्त्रिया पहिल्यांदा उतरल्या त्याही तिथेच. त्या दोघींपैकी एक होत्या मुंबईच्या मेरी डिसूझा.

१९५५ पर्यंत फॅनी खेळत राहिल्या. नंतर काही वर्षं त्यांनी डच संघाची जबाबदारी सांभाळली. १९९९ साली जागतिक मैदानी खेळ संघटनेने त्यांना शतकातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून गौरवलं. शेवटची वर्षं आजारपणात गेली. विस्मरणाच्या आजाराने त्यांना ग्रासलं होतं. २५ जानेवारी २००४ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

सोन्याची दुसरी बाजू

चरित्र लिहिताना आपण माणसाला देव करून टाकतो. ते टाळूया. फॅनी यांच्यावर पुढे जे लिहिलं गेलं त्यात त्यांची दुसरी बाजूही आली आहे. जिंकण्याची ईर्षा त्यांच्यात फार होती. मुलांना जवळ घेणं, मायेने चार शब्द बोलणं त्यांना सहज जमत नसे. म्हणजे त्यांनी सगळं शंभर टक्के साधलं, असं नाही. कुणालाच ते साधत नाही. पण हा हिशोब आपण आईलाच का मागतो? महिनोन् महिने शिबिरात राहणाऱ्या बापाच्या चरित्रात हा परिच्छेद सहसा नसतो.

लांब शर्यतींचं दार हळूहळू उघडत गेलं. १९६० मध्ये ८०० मीटर, १९७२ मध्ये १५०० मीटर आणि १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची पहिली मॅरेथॉन झाली. तेव्हा फॅनी ६६ वर्षांच्या होत्या. ८०० मीटरच्या विक्रमाने सुरुवात केलेल्या या बाईला जमलं असतं का लांबचं धावणं? कोण जाणे. तिला कधी विचारलंच नाही.

यातून काय घ्यायचं?

मुलांनो, आज घरी गेल्यावर आईला एक प्रश्न विचारा. ती शाळेत असताना कोणत्या शर्यतीत धावायची आणि ते कधी बंद झालं? उत्तर वहीत लिहून आणा. तिला पुन्हा धावावंसं वाटत असेल, तर त्या अर्ध्या तासात धाकट्या भावंडाला तुम्ही सांभाळा. भाजी बाबा निवडतील.

आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, यंदाच्या क्रीडा महोत्सवात लिंबू-चमचा राहू द्या, पण त्याच्या जोडीला आयांची एक खरी शर्यत ठेवा. मैदानाला चार फेऱ्या. दमून कुणी गवतावर बसली, तर तिला पाणी द्या आणि टाळ्या वाजवा. १९२८ सारखी ती शर्यतच रद्द करू नका.