विरजणाचा शास्त्रज्ञ

रात्री कोमट दुधाला विरजण लावताना इल्या मेचनिकॉव्ह हे नाव आपल्यापैकी कुणाला आठवणार? पण मेडिकलमध्ये प्रोबायोटिकची जी पाकिटं मिळतात, त्यांचं मूळ या माणसाकडे जातं.

जन्म १८४५ चा, आताच्या युक्रेनमधल्या खारकीवजवळचा. १८६९ मध्ये लग्न झालं तेव्हा नवरी लुडमिला क्षयाने इतकी खंगलेली, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षं त्याने तिची सेवा केली. १८७३ मध्ये ती गेली, आणि दुःखाच्या भरात त्याने स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला. नशिबाने वाचला. पुढे ओल्गाशी लग्न झालं.

१८८२ साली इटलीतल्या मेसिनाला घरची सगळी मंडळी सर्कशीला गेली होती. हा एकटाच सूक्ष्मदर्शकाशी! तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्याने गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. सूज म्हणजे शरीराची लढाई, हे त्याला उमगलं. याच कामासाठी १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखसोबत मिळालं.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना मात्र म्हातारपणाचं वेड लागलं. मोठ्या आतड्यातले जंतू विष तयार करतात आणि आपण लवकर थकतो, असं त्याचं मत. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पिऊन दीर्घायुषी होतात, असं तो मानायचा. स्वतःही रोज प्यायचा. १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने गेला. मोठं आतडं निरुपयोगी आहे हे त्याचं म्हणणं काही खरं ठरलं नाही. चांगल्या जंतूंचा धागा तेवढा टिकला.

आमच्या आरोग्य शिबिरात बायका हमखास विचारतात, कोलायटिस आहे, गोळ्या सोडून दही-ताकावर राहू का? नाही हो! या आजारात तीच लढाऊ सूज आपल्याच आतड्यावर उलटते. अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत ठेवायला काही ठरावीक जंतूंचा उपयोग दिसलाय. अल्फ्रेड निसलने १९१७ मध्ये एका जर्मन सैनिकाच्या पोटातून मिळवलेला जंतू त्यातलाच. तो आपल्या विरजणात नसतो. क्रोन्समध्ये तर तसा ठोस फायदा दिसलेला नाही. ताक सोसत असेल तर जेवणात खुशाल घ्या, पण पाकीट सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा; प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर नक्कीच.