डॉ. वानलेस : गरिबांचे डॉक्टर

मेरी वानलेस इस्पितळ आपणा कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. मेरी या डॉ. विल्यम वानलेस यांच्या पत्नी. कॅनडात १८६५ साली जन्मलेले डॉक्टर १८८९ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले. १८९४ साली त्यांनी मिरजेत इस्पितळ उघडले. ऐपतदार रुग्णांच्या पैशांतून तेथे गरिबांवर उपचार होत. १८९७ पासून त्यांनी इथल्या तरुणांना डॉक्टरकी शिकवली. १९३३ मध्ये ते प्रभूमध्ये विसावले.

ते प्रॉटेस्टंट होते. पण दयाळू शोमरोन्याची वाट आपणा सर्वांची एकच आहे. आजही खर्चाच्या धास्तीने कोणी दुखणे अंगावर काढतो. अशा शेजाऱ्याला महात्मा फुले जनआरोग्य योजनेची माहिती देऊ या, इस्पितळात त्याच्या सोबतीला जाऊ या.