पावागडच्या कड्यात मेखा ठोकून चढलेला बादशहा

खानदेशातून सेंधव्याचा घाट चढून मांडूला जाणाऱ्यांना गाइड बहुतेक वेळा रूपमती आणि बाजबहादूर यांचीच गोष्ट सांगतो. हुमायूनचं नाव तिथे निघत नाही. हुमायून म्हटलं की दिल्लीचा मकबरा, आणि फार तर ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून मेलेला बादशहा, एवढंच आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं. पण हाच माणूस १५३५ साली सत्तावीस वर्षांचा होता, आणि काही महिन्यांच्या आत त्याच्या फौजेनं दोन अवघड गड खडक चढून घेतले. पहिला धार जिल्ह्यातला मांडू, दुसरा बडोद्याजवळचा चांपानेर, म्हणजे पावागड. दुसऱ्या गडावर तर तो स्वतः चढला, तेही कड्यात ठोकलेल्या लोखंडी मेखांवर पाय देऊन.

सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्या पोरांमध्ये आज जो वाद रंगतो, बोल्ट ठोकायचा की नाही, त्याचं आपल्या भागातलं इतकं जुनं आणि इतक्या बारकाईनं लिहून ठेवलेलं उदाहरण क्वचितच सापडेल.

हुमायूनचा जन्म ६ मार्च १५०८चा, काबूलचा. १५३०च्या डिसेंबरात बाबर गेला आणि बावीस वर्षांच्या पोराच्या हाती नुकतं जिंकलेलं, अजून न बसलेलं राज्य आलं. स्वभावानं तो पुस्तकांचा, ग्रहताऱ्यांचा, मैफलींचा माणूस. अफूचा नादही होता. अंगात बळ आलं की झपाट्यानं काम करायचा, आणि काम झालं की महिनोन्‌महिने बसून राहायचा. त्याच्या आयुष्यातली निम्मी संकटं या बसण्यातून आली.

दक्षिणेला त्याचा खरा प्रतिस्पर्धी गुजरातचा सुलतान बहादूरशहा. त्यानं १५३१ साली मांडू घेऊन माळव्याची खलजी गादी संपवली होती. १५३५च्या मार्चमध्ये त्यानं चितोडही घेतलं. हुमायून तेव्हा सारंगपूर-उज्जैनकडे, म्हणजे आजच्या देवासच्या उत्तरेच्या मुलखात, तळ देऊन बसलेला. चितोड पडल्यावर तो हलला. मंदसौरला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. बहादूरशहानं तोफखान्याच्या भरवशावर गाड्यांचा कोट केला, मोगलांनी त्याची रसद तोडली, आणि एप्रिलच्या अखेरीस एका रात्री सुलतान मोजक्या लोकांनिशी निसटून मांडूत शिरला.

हुमायून मागोमाग नालछ्याला आला. धारहून मांडूला जाताना हे गाव आजही वाटेत लागतं. मांडू लढून घेणं सोपं नव्हतं. तीन बाजूंनी काकडाखोहासारख्या दऱ्या आणि चौफेर तट. तहाची बोलणी चालू होती, पहारेकरी थोडे सैल झाले होते. तेवढ्यात दोनशेच्या आसपास मोगल शिपाई रात्री मागच्या अंगाला गेले, शिड्या आणि दोर लावून तटावर चढले आणि आतून दरवाजा उघडला. बहादूरशहा झोपेतून उठून सोनगढच्या बालेकिल्ल्यात पळाला. तिथून घोडेसुद्धा दोरांनी खाली सोडले म्हणे, आणि तो गुजरातच्या वाटेला लागला. ज्या रात्री एक फौज दोरावरून वर आली, त्याच सुमारास एक सुलतान दोरावरून खाली गेला.

त्यानंतर मांडूत जे झालं ते सांगायला हवं. बादशहानं तांबडा पोशाख घातला आणि शहरात कत्तल सुरू झाली. ती थांबली एका गवयामुळे. त्याचं नाव कुठे मंझू तर कुठे बच्चू असं येतं. बहादूरशहाच्या पदरचा हा कलावंत पकडून समोर आणला गेला, त्याला गायला लावलं. गाणं ऐकून हुमायूननं तांबडे कपडे उतरवले, हिरवे घातले आणि कत्तल बंद केली. मांडूच्या वाड्यांतून फिरताना ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचं नवल वाटतं.

मग चांपानेर. बहादूरशहा तिथूनही पुढे खंबायतला आणि दीवला गेला होता. हुमायून त्याचा पाठलाग करत थेट समुद्रापर्यंत पोचला. खंबायतच्या छावणीवर त्या भागातल्या कोळी-भिल्लांनी रात्री छापा घातला, त्यात बादशहाची आवडती पुस्तकं गेली. त्यांत बिहजादच्या चित्रांचा तैमूरनामा होता. तो पुढे परत मिळाला. मोहिमेवर कुणी असली पुस्तकं बरोबर नेतं का, पण हुमायून न्यायचा.

परत येऊन त्यानं चांपानेरला वेढा घातला. किल्लेदार इख्तियारखान. चार महिने झाले तरी गडाला धान्याची ददात नव्हती. एक दिवस हुमायून हालोलच्या बाजूनं गडाभोवती फिरत असताना रानातून काही माणसं बाहेर पडताना दिसली. विचारलं, तर म्हणाली लाकूडतोडे आहोत. पण एकाच्याही हातात कुऱ्हाड नव्हती. दटावल्यावर खरं निघालं. ही माणसं कड्याच्या पायथ्याला धान्य आणि तूप नेऊन विकत होती, आणि वरून दोर सोडून माल ओढून घेतला जात होता. त्यांनाच पुढे घालून ती जागा बघितली गेली. कडा ६० ते ७० गज उंच, गुळगुळीत. म्हणजे आजच्या सोळा-सतरा मजली इमारतीएवढा. एवढ्या उंचीवरून कुणी येईल असं वरच्यांना वाटलंच नव्हतं, म्हणून पहारा नावापुरता.

ऑगस्टच्या सुमाराला, ऐन पावसाळ्यात, चांदण्या रात्री काम झालं. ७० ते ८० पोलादी मेखा तयार करून आणल्या आणि गजागजाच्या अंतरानं एक डावीकडे, एक उजवीकडे अशा खडकात ठोकत नेल्या. गडाच्या दुसऱ्या अंगाला हल्ल्याचा गोंगाट ठेवला होता. ३९ माणसं चढून गेली तेव्हा हुमायूननं स्वतः पाय उचलला. बैरामखानानं त्याला आडवलं, आधी आणखी माणसं वर जाऊ देत असं सुचवलं आणि स्वतःच चाळीसावा चढला. बादशहा एकेचाळीसावा. उजाडेपर्यंत ३०० माणसं वर होती आणि गड पडला.

आता वाद असा. आजच्या चढाईत ज्याला पारंपरिक पद्धत म्हणतात तिच्यात खडकातल्या नैसर्गिक भेगेत चोकनट किंवा फ्रेंड अडकवायचा, त्याच्या आधारानं वर जायचं, आणि मागून येणाऱ्यानं तो काढून घ्यायचा. खडकावर काहीच उरत नाही. बोल्टसाठी ड्रिलनं भोक पाडावं लागतं आणि लोखंड तिथेच राहतं. ऑस्ट्रियाचा पॉल प्रॉइस याच मुद्द्यावर १९११ मध्ये मेखा ठोकणाऱ्यांशी भांडला होता. दोन वर्षांनी तो एकट्यानं, दोराशिवाय चढताना पडून गेला. दक्षिण अमेरिकेतल्या सेरो टोरेवर १९७० साली कॉम्प्रेसर नेऊन ठोकलेल्या बोल्टांपैकी पुष्कळ बोल्ट २०१२ मध्ये दोन पोरांनी उपटून टाकले, तेव्हा जगभर रणधुमाळी झाली.

आपल्याकडचा बेसाल्ट ठिसूळ, वर गवत आणि मुरूम. प्रत्येक ठिकाणी भेग मिळत नाही. त्यामुळे सह्याद्रीत बोल्ट मारणाऱ्यांची बाजू अगदीच खोटी नाही, जीव मोलाचा. पण पावसाळ्यात लोखंड गंजतं, आणि दहा वर्षांनी येणारा पोरगा त्या गंजक्या बोल्टावर विसंबतो. देवास जिल्ह्यात बागलीच्या बाजूला कावडिया पहाडावर खांबांसारखे उभे-आडवे बेसाल्टचे दगड आहेत, लोक ते भीमानं रचले म्हणतात. अशा जागी ड्रिल चालवायचं कुणाच्या मनात आलं तर आधी गावाला विचारायला हवं. मांडू आणि चांपानेर तर संरक्षित स्मारकं आहेत, चांपानेर-पावागड २००४पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे मेख ठोकायची मुभा आता बादशहालाही मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट चढाईवाल्यांनी ध्यानात घ्यावी. नवी वाट काढली की पहिला कोण चढला याची नोंद होते. चांपानेरच्या नोंदीत बादशहाचा क्रमांक आहे, बैरामखानाचा आहे. कड्याची कमजोर जागा ज्यांना ठाऊक होती, त्या तूप विकणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही. त्यांना वाट दाखवायची होती की नाही, हेही कुणी विचारलं नाही.

गड मिळाला, खजिना मिळाला, आणि हुमायून पुन्हा बसला. गुजरात भाऊ अस्करीवर सोडून तो मांडूला आला, कारण तिथली हवा त्याला आवडली. १५३६ मध्ये अस्करीनं गुजरात सोडला, हुमायून घाईनं आग्र्याकडे निघाला आणि त्याच्या पाठीमागे माळवाही गेला. मेखा ठोकून मिळवलेलं सगळं वर्षा-दीड वर्षात हातचं गेलं. पुढे अठराव्या शतकात मांडू धारच्या पवारांकडे आला, तो वेगळा इतिहास.

१५३९ला चौसा इथे शेरखानानं त्याला हरवलं. गंगेत बुडता बुडता एका भिश्त्यानं पखालीवर तरंगवून वाचवलं. पुढच्या वर्षी कनौजला पुन्हा हार. हत्तीवरून नदी पार केली, पण समोरचा काठ उंच आणि उभा. चांपानेरचा कडा चढलेल्या माणसाला तो नदीकाठ चढवेना. शम्सुद्दीन नावाच्या एका शिपायानं हात देऊन वर ओढलं. त्याच्या बायकोला पुढे अकबराची दाई होण्याचा मान मिळाला.

मग सिंधचं वाळवंट, उमरकोट, तिथे १५४२ मध्ये अकबराचा जन्म, इराणच्या शहाकडे आश्रय, भावांशी लढाया. पंधरा वर्षांनी, १५५५च्या उन्हाळ्यात, बैरामखानाच्या जोरावर त्यानं दिल्ली परत घेतली. जेमतेम सहा महिने मिळाले.

१५५६च्या जानेवारीत तो दिल्लीत शेरमंडलच्या गच्चीवर होता. खाली त्याचं ग्रंथालय. उतरायला लागला तेवढ्यात अजान झाली. तो पायरीवरच बसायला वाकला, पाय अंगरख्यात अडकला आणि तोल गेला. काही दिवसांत तो वारला. तेरा वर्षांचा अकबर तेव्हा पंजाबात होता, आणि त्याच्या शेजारी बैरामखान.