वातारासे नदीचा कैवारी : तनाका शोझो

जपानच्या आजच्या तोचिगी प्रांतातील कोनाका या खेड्यात १८४१ साली तनाका शोझो यांचा जन्म झाला. आपल्याकडच्या पाटीलकीसारखे गावप्रमुखपद त्यांच्या घराण्यात होते. तरुणपणीच जहागीरदाराच्या अन्यायाविरुद्ध उभे राहून त्यांनी कोठडी पाहिली. पुढे वृत्तपत्र चालवले, प्रांतिक विधिमंडळाचे अध्यक्षपद भूषविले आणि १८९० मध्ये जपानच्या पहिल्या संसदेवर ते निवडून गेले. तथापि त्यांचे नाव टिकले ते वातारासे नदीमुळे.

या नदीच्या वरच्या खोऱ्यात आशियो येथे फुरुकावा इचिबेई या उद्योजकाची तांब्याची खाण होती. तिचे सांडपाणी व खडकाचा चुरा थेट नदीत जाई. पाण्यातील तांबे माणसाला जाणवण्याच्या कितीतरी आधी माशांच्या कल्ल्यांना बाधते. त्यामुळे पहिला घाला पडला तो आयू या गोड्या पाण्यातील माशावर. १८८५ च्या सुमारास तो मरून पाण्यावर तरंगू लागला आणि मच्छीमारांची जाळी रिकामी येऊ लागली. भट्ट्यांच्या गंधकी धुराने डोंगर उघडे पडले, पूर वाढले. १८९० च्या पुराने तोच गाळ भातशेतीवर पसरवला.

१८९१ पासून तनाका संसदेत प्रश्न विचारत राहिले. उत्तर देणारे कृषी व व्यापार मंत्री मुत्सु मुनेमित्सु यांचा मुलगा फुरुकावांना दत्तक गेलेला होता, हे येथे सांगणे भाग आहे. शेतकऱ्यांच्या हाती किरकोळ भरपाई पडली. पुन्हा तक्रार करणार नाही, असे तिच्याबरोबर लिहून घेतले जाई.

१८९६ च्या महापुरानंतर मात्र सरकारला हलावे लागले. १८९७ मध्ये खाणीला ३७ कलमांचा आदेश निघाला. सांडपाणी निवळण्याची तळी, गाळणी आणि धुरातील गंधक काढणारी यंत्रणा मुदतीत उभारावी, अन्यथा खाण बंद, असे त्याचे स्वरूप होते. कामे मुदतीत झाली. परंतु धूर काही निवळला नाही, आणि पुढच्याच वर्षीच्या पुरात निवळणीचे तळे फुटले. कागदावर आदेश पाळला गेला होता. नदीचे पाणी मात्र शुद्ध झाले नव्हते. तनाकांचा सारा झगडा या फरकासाठी होता.

१८९९ मध्ये सभासदांचे वेतन वाढले, तेव्हा ते त्यांनी पूर्ण नाकारले. १९०० च्या फेब्रुवारीत टोकियोकडे निघालेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी कावामाता येथे मारहाण करून पकडले. त्यांच्या खटल्यात सरकारी वकिलाचे भाषण चालू असता तनाकांनी जांभई दिली. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना सुमारे चाळीस दिवसांचा तुरुंगवास घडला. जांभईसाठी कैद भोगणारा लोकप्रतिनिधी विरळाच!

त्याआधी, १९०१ मध्ये, त्यांनी संसदेचा राजीनामा दिला होता. १० डिसेंबरला साठीच्या उंबरठ्यावरचा हा गृहस्थ हाती अर्ज घेऊन सम्राट मेइजींच्या रथाकडे धावला. पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले. शिक्षा केल्यास गाजावाजा झाला असता. वेडा समजून सोडून देण्यात आले. अर्ज सम्राटांपर्यंत पोहोचला नाही, पण वृत्तपत्रांतून देशभर गेला.

मग सरकारने प्रश्नाचे रूपच पालटले. दूषित पाण्याऐवजी पुरावर बोट ठेवले गेले आणि पाणी साठवण्यासाठी यानाका हे गाव बुडवायचे ठरले. १९०४ मध्ये तनाका त्या गावातच राहायला गेले. १९०७ मध्ये हटून बसलेल्या १६ कुटुंबांची घरे पाडली गेली, तरी त्यांनी झोपड्या बांधून तेथेच ठाण मांडले. तनाका त्यांच्यासोबत राहिले. उरलेली वर्षे खोऱ्यातील नद्या पायी फिरून पाण्याची पाहणी करण्यात गेली. अशाच एका प्रवासात आजारी पडून ४ सप्टेंबर १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. मागे एक झोळी उरली. तिच्यात हस्तलिखित, रोजनिशी, बायबलचा नवा करार, जपानची राज्यघटना आणि काही दगडगोटे होते.

आशियोची खाण १९७३ मध्ये बंद झाली. पुढच्या वर्षी झालेल्या तडजोडीत नदीकाठच्या शेतकऱ्यांना १५५ कोटी येन भरपाई मंजूर झाली.